पिंगळावेळेचा यात्रिक : जी. ए. कुलकर्णी

पावसाळा सुरू झाला की पुण्या-मुंबईची पावले लोणावळ्याकडे वळतात आणि भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजणाऱ्यांची झुंबड उडते. तेथून दहा-बारा किलोमीटरवर, एकवीरेच्या देवळाला लागूनच, कार्ल्याचे चैत्यगृह आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या लेण्याच्या खांबांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत आणि त्यांतील काही दात्यांनी स्वतःची ओळख धेनुकाकट येथील यवन अशी करून दिली आहे. यवन हा शब्द मुळात आयोनियातील ग्रीकांसाठी वापरला जाई. गंमत अशी, की या यवनांची नावे मात्र सिहधय, धम्म अशी एतद्देशीय वळणाची आहेत. ते खरोखर ग्रीक वंशाचे होते की नव्हते, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत; परंतु ग्रीकांचे नाव मावळच्या कातळाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, एवढे निश्चित.

त्या यवनांनी आपली नावे या मातीत मिसळून टाकली. विसाव्या शतकात एका मराठी लेखकाने याच्या नेमके उलट केले. बेळगाव-धारवाडच्या परिसरात आयुष्य घालवलेल्या या माणसाने ऑर्फियसला मराठीत आणले आणि त्याचे ग्रीक नाव तसेच राहू देऊन त्याला आपल्या दुःखाची भाषा बोलायला लावली. गुरुनाथ आबाजी कुलकर्णी, म्हणजेच वाचकांचे जी.ए., हे ते लेखक. २०२३ साली त्यांची जन्मशताब्दी झाली. मराठी कथेचा विचार त्यांना वगळून करता येत नाही, हे आता सर्वमान्य आहे. मात्र नियती, मृत्यू, अंधार आणि दुर्बोधता या चार शब्दांतच त्यांना बंदिस्त करण्याची सवयही आपल्याला जडली आहे. या सवयीमुळे त्यांच्यातला अद्भुताचा निर्माता काहीसा झाकला गेला.

जी.एंचा जन्म १० जुलै १९२३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा येथे झाला. शिक्षण बेळगावात झाले आणि इंग्रजी साहित्य हा त्यांचा विषय ठरला. लहान वयातच आईवडिलांचे छत्र हरपले, पाठोपाठ बहिणींचेही मृत्यू पाहावे लागले. घर ज्यांनी भरलेले असते ती माणसे एकेक करून नाहीशी होताना ज्याने पाहिली, त्याला मृत्यू ही पुस्तकातील कल्पना वाटणे शक्यच नव्हते. जी.एंनी लग्न केले नाही. मावस बहिणींची जबाबदारी त्यांनी आपली मानली आणि त्यांच्यासह धारवाडात संसार मांडला. घरात ते बाबूअण्णा होते. जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ इंग्रजी शिकवले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि धारवाड-बेळगावचा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. जी.ए. मात्र जागचे हलले नाहीत. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून दूर, कानडी मुलखात राहून ते मराठीत लिहीत राहिले. सभा-संमेलने, सत्कार, मुलाखती यांपासून त्यांनी स्वतःला कटाक्षाने लांब ठेवले. डोळ्यांवर काळा चष्मा, संध्याकाळी क्लबात पत्त्यांचा डाव, फावल्या वेळात चित्रकला, आणि उरलेला सारा वेळ वाचन. या एकांतवासामुळे त्यांच्याभोवती गूढतेचे वलय निर्माण झाले. प्रत्यक्षात ते माणूसघाणे नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर पत्रांचे चार खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा मित्रांशी मनमुराद गप्पा मारणारा, थट्टेखोर, जगभरच्या पुस्तकांवर तासन् तास बोलू शकणारा एक निराळाच माणूस वाचकांसमोर आला. सुनीताबाई देशपांडे यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार तर मराठी पत्रवाङ्मयाचे भूषण ठरला.

त्यांचा पहिला कथासंग्रह निळासावळा १९५९ साली प्रसिद्ध झाला. १९६० मध्ये पारवा, १९६२ मध्ये हिरवे रावे आणि १९६६ मध्ये रक्तचंदन हे संग्रह आले. या काळातील कथा बहुतांशी ओळखीच्या जगात घडतात. सीमाभागातील लहान गावे, कौलारू घरे, कर्जात बुडालेली कुटुंबे, नात्यांच्या आधाराने वाढणारी पोरकी मुले आणि मनातील सल कोणालाही न सांगता झिजत जाणाऱ्या बायका त्यांत आहेत. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांनी घडवलेली नवकथा तेव्हा स्थिरावली होती. सत्यकथेसारख्या मासिकातून लिहिणारे जी.ए. त्याच प्रवाहातील एक समर्थ कथाकार म्हणून ओळखले गेले असते, तरीही त्यांचे स्थान पक्के राहिले असते.

१९७२ साली काजळमाया आला आणि हे चित्र पालटू लागले. या संग्रहातील विदूषक ही कथा एका राजदरबारात घडते. तो दरबार कोणत्या देशातला, कोणत्या शतकातला, हे सांगण्याची लेखकाला गरज वाटत नाही. पुढे १९७५ मध्ये सांजशकुन व रमलखुणा आणि १९७७ मध्ये पिंगळावेळ हे संग्रह आले. रमलखुणामधील प्रवासी आणि इस्किलार या दीर्घकथांचा प्रदेश कोणत्याही नकाशावर सापडत नाही. तेथील नगरे, देवता, विधी, शिक्षा, माणसांची नावे, सारे काही लेखकाने नव्याने घडवले आहे. इंग्रजीत ज्याला फँटसी म्हणतात, तो हाच प्रांत. फक्त येथे राक्षस मारून राजकन्या मिळवणारा नायक नाही. कशाचा तरी शोध घेत निघालेला आणि त्या शोधातच शेवटाला सामोरा जाणारा माणूस येथे आहे.

मराठीला अद्भुताचे वावडे पूर्वी कधीच नव्हते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची मुक्तामाला १८६१ साली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा १८६८ साली प्रसिद्ध झाली. नाथमाधवांच्या वीरधवलने तर कित्येक पिढ्यांना झपाटून टाकले. परंतु वास्तववादाचा दबदबा वाढला तसे अद्भुत हे मुलांचे किंवा रंजनाचे साहित्य समजले जाऊ लागले. प्रौढ, गंभीर वाचकाने अद्भुताकडे पाहावे, इतके वजन त्याला पुन्हा मिळवून दिले ते जी.एंनी. त्यासाठी त्यांना आधार मिळाला तो पुराणकथांचा, आणि त्यांतही ग्रीकांच्या पुराणकथांचा.

ग्रीकच का, हा प्रश्न येथे विचारण्याजोगा आहे. आपल्याकडे पुराणकथांचा तुटवडा नाही. ऑर्फियसचीच कथा घ्या. थ्रेसचा हा गायक वीणा वाजवू लागला की झाडे व श्वापदेही तल्लीन होत. त्याची पत्नी युरिडिसी सर्पदंशाने मरण पावली. ऑर्फियस पाताळात उतरला आणि आपल्या गाण्याने त्याने मृत्युदेवाचे मन द्रवविले. युरिडिसीला परत नेण्याची अनुमती मिळाली, पण एका अटीवर. वर पोहोचेपर्यंत त्याने मागे वळून पाहावयाचे नाही. अखेरच्या टप्प्यात त्याने मागे पाहिले आणि ती कायमची अंधारात विरून गेली. व्हर्जिल आणि ओव्हिड या रोमन कवींनी सांगितलेली ही कथा युरोपातील कवी, चित्रकार व संगीतकार शतकानुशतके पुन्हापुन्हा हाताळत आले आहेत.

आता महाभारताच्या आदिपर्वातील रुरू आणि प्रमद्वरा यांची कथा आठवा. प्रमद्वराही सर्पदंशानेच मरते. रुरू आपले अर्धे आयुष्य तिला देऊ करतो आणि ती उठून बसते. सावित्री तर यमाशी बोलत बोलत सत्यवानाचे प्राण सोडवून आणते. प्रसंग तोच, प्रेमही तितकेच उत्कट. मात्र आपल्या कथांत मृत्यूशी व्यवहार करता येतो. त्याग, पुण्याई, पातिव्रत्य किंवा बुद्धिचातुर्य यांच्या बळावर हरवलेले माणूस परत मिळवता येते. ग्रीक कथेत ते हाताशी येऊनही निसटते. ज्याची सारी माणसे गेली आणि एकही परत आली नाही, अशा लेखकाला यांपैकी कोणती कथा अधिक खरी वाटली असेल, हे समजण्यासाठी फार खोलात शिरावे लागत नाही.

पिंगळावेळ या संग्रहातील ऑर्फियस ही कथा म्हणजे मूळ कथेचे केवळ मराठीकरण नव्हे. मागे वळून पाहण्याच्या त्या एका क्षणावर जी.एंची नजर खिळलेली आहे. अधीर प्रियकराच्या हातून घडलेली चूक, एवढाच त्या क्षणाचा अर्थ असेल, तर कथा हळहळीपाशी संपते. जी.ए. त्या क्षणाचा अर्थ नव्याने लावू पाहतात. मृत्यू पाहून आलेल्या माणसाला पूर्वीचे आयुष्य पूर्वीसारखे जगता येईल काय, आणि परत आणलेले प्रिय माणूस तेच असेल काय, असे प्रश्न त्या पाताळाच्या वाटेवर वाचकाच्याही मागे लागतात.

याच संग्रहातील यात्रिक या कथेत सर्व्हांटिसचा डॉन किहोटे येतो. स्वामी या कथेतील प्रवासी एका मठाच्या पोटात कायमचा अडकतो. एक मुळात ग्रीक कथा, दुसरी स्पॅनिश कादंबरीशी नाते सांगणारी आणि तिसरी थेट आपल्या मातीतली. तरीही तिन्ही कथा एकाच लेखणीतून उतरल्या आहेत हे पहिल्या परिच्छेदापासून जाणवते. परक्या कथेला परकेपणा उरू नये, यासाठी जी.एंनी तिला मराठी वेश चढवला नाही. ऑर्फियसचा त्यांनी ओंकार केला नाही. त्यांनी भाषाच अशी घडवली की तिच्यात ही सारी माणसे एकमेकांचे शेजारी म्हणून नांदू शकली.

या दृष्टीने त्यांच्या संग्रहांची नावेही पाहण्यासारखी आहेत. शकुन म्हणजे पुढे घडणाऱ्याची सूचना. रमल ही फासे टाकून भविष्य वर्तवण्याची विद्या. पिंगळा म्हणजे लहान घुबड आणि त्या पक्ष्याची भाषा ओळखून पहाटेच्या अंधारात दारोदार भविष्य सांगत फिरणारा भिक्षेकरीही. तो येतो ती वेळ पिंगळावेळ. सांजशकुन, रमलखुणा, पिंगळावेळ ही लागोपाठची तिन्ही नावे भविष्यकथनाच्या परंपरेतून आलेली आहेत. ग्रीकांनी जे डेल्फीच्या मंदिरात जाऊन विचारले, ते जी.एंनी आपल्या अंगणात येणाऱ्या पिंगळ्याला विचारले. ग्रीक पुराणांवरील प्रेम त्यांच्या लेखनात असे मुरलेले होते. ते केवळ कथेच्या शीर्षकातील ग्रीक नावावरून मोजता येणार नाही.

ग्रीक कल्पनेनुसार माणसाचे आयुष्य तीन देवतांच्या हाती असते. क्लोथो आयुष्याचा धागा कातते, लॅकेसिस तो मापते आणि अ‍ॅट्रोपॉस तो कापते. या देवता न्याय करीत नाहीत, सूडही घेत नाहीत. आपला कर्मसिद्धान्त यापेक्षा दिलासा देणारा आहे. या जन्मीचे दुःख मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ असेल, तर निदान हिशेब तरी लागतो आणि पुढच्या जन्मी तो फिटण्याची आशा राहते. जी.एंच्या कथेत हा हिशेब लागत नाही. निरपराध माणसे भरडली जातात आणि त्यामागे कोणतेही कारण सापडत नाही. मराठी वाचकाला त्यांची कथा अस्वस्थ करते याचे मोठे कारण हेच असावे.

याच मुद्द्यावर त्यांच्यावर सर्वांत गंभीर आक्षेप घेता येतो. जी.ए. ज्या काळात लिहीत होते, त्याच काळात मराठीत दलित साहित्य उभे राहत होते. बाबूराव बागूल यांचा जेव्हा मी जात चोरली होती हा संग्रह १९६३ साली आला, तर दया पवार यांचे बलुतं १९७८ साली. दुःख आकाशातून पडत नाही, ते माणसेच माणसांवर लादतात आणि म्हणून ते बदलताही येते, असे हे साहित्य ठणकावून सांगत होते. अशा वेळी नियतीकडे बोट दाखवणे म्हणजे अन्यायाला मोकळीक देणे नव्हे काय? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. जी.एंच्या कथेत दारिद्र्य आहे, अपमान आहे, स्त्रियांची परवड आहे. पण त्याला जबाबदार असणाऱ्या व्यवस्थेची झाडाझडती तेथे क्वचितच आढळते. वाचकाने ही मर्यादा मान्य करावी.

परंतु दुसरी बाजूही आहे. काही दुःखांना खरोखरच आरोपी नसतो. लेकराचा आजार, भावंडाचा अकाली मृत्यू, जन्मजात व्यंग, अनाकलनीय योगायोग यांच्यापुढे न्यायाची भाषा थांबते. मग माणसाने काय करावे? ग्रीक शोकांतिकेचे उत्तर असे, की शेवट टळत नसला तरी शोध सोडू नये. सोफोक्लीझचा इडिपस सत्य शोधू लागतो, तेव्हा ते सत्य आपल्याच मुळावर येणार याची चाहूल त्याला लागते. तरीही तो चौकशी थांबवीत नाही. जी.एंचे यात्रिक याच जातीचे आहेत. वाट कोठे नेते हे कळूनही ते चालत राहतात. म्हणून त्यांना केवळ निराशावादी म्हणणे अपुरे ठरते. निराश माणूस घराबाहेरच पडत नाही. जी.एंची माणसे घर सोडून दूरदेशी निघतात, प्रश्न विचारतात आणि मिळालेल्या उत्तराची पूर्ण किंमत मोजतात.

हा बाणा त्यांच्या वागण्यातही दिसून आला. काजळमायाला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या प्रकाशनवर्षावरून वाद उपस्थित झाला, तेव्हा जी.एंनी तो पुरस्कार परत केला. त्या पुस्तकाची गुणवत्ता कोणी नाकारली नव्हती. शंकेची सावली असलेला सन्मान त्यांना नको होता, एवढेच.

त्यांच्या लेखनाचे आणखी काही पैलू आहेत, आणि ते गूढतेच्या वलयापलीकडचे आहेत. अमेरिकन कादंबरीकार कॉनराड रिक्टर यांच्या कादंबऱ्या त्यांनी रान, शिवार, गाव या नावांनी मराठीत आणल्या. जंगल तोडून वसाहत करणाऱ्यांचे जग त्यांत आहे. विल्यम गोल्डिंग यांच्या लॉर्ड ऑफ द फ्लाईज या कादंबरीचाही त्यांनी अनुवाद केला. आणि बखर बिम्मची या पुस्तकात तर एका लहानग्याचे रंगीबेरंगी, खट्याळ विश्व त्यांनी उभे केले. अंधाराचा लेखक म्हणून ज्यांना आपण ओळखतो, त्यांनीच हे हसरे पुस्तक लिहिले, यावर प्रथम विश्वास बसत नाही. पण लहान मुलाला जग जसे नवे आणि चमत्कारांनी भरलेले दिसते, तशाच नजरेने अद्भुत लिहिणारा लेखक पाहत असतो. फरक इतकाच, की बिम्मच्या जगात अजून मृत्यू आलेला नाही.

अखेरच्या काळात जी.ए. पुण्यात आले आणि तेथेच ११ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ६४ होते. माणसे : अरभाट आणि चिल्लर हे त्यांचे आठवणींच्या वाटेने जाणारे पुस्तक पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. कुसुमगुंजा हा संग्रहही मृत्यूनंतरच आला. २००० साली अमोल पालेकर यांनी त्यांच्या कैरी या कथेवर चित्रपट काढला आणि पोरके मूल व त्याची मावशी यांचे ते नाते, जी.ए. कधीही न वाचलेल्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचले.

आज शहरातील मराठी घरांत ग्रीक पुराणे अपरिचित राहिलेली नाहीत. रिक रायर्डन यांच्या पर्सी जॅक्सनची पुस्तके वाचणारी मुले झ्यूस, पोसायडन, हेडीस यांची वंशावळ धडाधड सांगतात. ती पुस्तके ही मुले इंग्रजीत वाचतात आणि अनेकदा त्याच घरातील कपाटात आजी-आजोबांनी घेतलेला पिंगळावेळ न उघडता पडून असतो. हेडीसच्या दरबारात वीणा घेऊन उतरलेला तो गायक मराठीतही येऊन गेला आहे, हे त्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे. ती पंधरा-सोळा वर्षांची झाली की ऑर्फियस ही कथा त्यांच्या हाती द्यावी. भाषा थोडी जड वाटेल, उपमांच्या गर्दीत एखादे पान पुन्हा वाचावे लागेल. पण कथा त्यांच्या ओळखीची असल्याने ती थांबणार नाहीत, आणि एकदा ती वाट धरली की इस्किलारपर्यंतचा प्रवास फार दूरचा राहणार नाही.